आधीचं उत्तर मागाहून आलं तर?
स्टेशनच्या नावावरून गाड्या शोधणाऱ्या तुझ्या रिॲक्ट ॲपचा कोड पाहिला. यूजइफेक्टमध्ये (स्क्रीन रंगवून झाल्यावर रिॲक्ट जो कोड, म्हणजे ‘इफेक्ट’, चालवतं तो इथे लिहितात) फेच, म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागवणारं फंक्शन, लावलंस, ठीक आहे. पण शोधात आधी ‘दादर’ आणि लगेच ‘ठाणे’ टाकून बघ. लोकलमध्ये नेटवर्क डळमळलं की दादरचं उत्तर कधी कधी मागाहून येतं आणि ठाण्याच्या नावाखाली दादरच्या गाड्या दिसतात. माणसाची गाडी चुकते रे! म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला अबॉर्टकंट्रोलर, म्हणजे ती मधेच थांबवण्याची सोय, जोड आणि क्लीनअपमध्ये, म्हणजे इफेक्ट पुन्हा चालण्याआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ती रद्द कर. रद्द केल्याची एरर मात्र स्क्रीनवर दाखवू नकोस. आणि हो, सर्व्हरकडून ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) आलं तरी फेच एरर फेकत नाही. रिस्पॉन्सचं ‘ओके’ आपणच तपासायचं. रिॲक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोडमध्ये (कोडमधल्या चुका लवकर दिसाव्यात म्हणून असलेली सोय), डेव्हलपमेंट करताना, माउंट झाल्यावर, म्हणजे कंपोनंट पहिल्यांदा स्क्रीनवर आल्यावर, इफेक्ट दोनदा चालतो. त्याला घाबरून स्ट्रिक्ट मोड काढू नकोस. डिपेंडन्सी ॲरेत, म्हणजे काय बदललं की इफेक्ट पुन्हा चालवायचा त्या यादीत, स्टेशनचं नाव टाकलंस ना?