वाचकांचे प्रश्न : बंदिस्त गिझरची नळी सोडायची कुठे?

थंडीची चाहूल लागली की गॅसच्या गिझरविषयीची पत्रे वाढतात. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा अधिक दिली आहे, कारण शहरातल्या बहुतेक इमारतींची रचना तशीच असते.

प्रश्न : आमच्या बाथरूममध्ये बरीच वर्षे साधा गॅस गिझर होता. मुलाने हट्टाने तो काढायला लावला. दुकानदार आता ‘सील्ड’ गिझर सुचवतो आहे. तो बाथरूममध्येच बसवावा आणि त्याची नळी डक्टमध्ये सोडावी, म्हणजे भीतीचे कारण उरत नाही, असे तो म्हणतो. बाथरूमची एकमेव खिडकी त्याच डक्टमध्ये उघडते. हे योग्य होईल का? की गिझर ड्राय बाल्कनीत बसवावा?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : मुलाने हट्ट धरला ते उत्तम झाले. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो, आणि एवढा गॅस पुरता जळण्यासाठी बारा-तेरा घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये मुळात हवा असते ती सुमारे साडेपाच घनमीटर. म्हणजे दार-खिडकी लावून वीस मिनिटे गिझर चालला, तर त्याला चार घनमीटरांहून अधिक हवेतला प्राणवायू हवा असतो, आणि त्याच हवेवर आंघोळ करणाराही श्वास घेत असतो. प्राणवायू घटू लागला की ज्वलन अपुरे होते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. अनेक गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, ही सोय चांगली असली तरी वरचे गणित पाहता तिच्यावर विसंबून राहता येत नाही. शिवाय सिलिंडर गळला की जो उग्र वास येतो, तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो आणि ज्योतीत ते द्रव्यही जळून जाते. त्यामुळे जळालेल्या वायूंना सावध करणारा वास नसतो.

आता ‘सील्ड’ म्हणजे बंदिस्त गिझरविषयी. बाजारात या एका शब्दाखाली दोन वेगळी उपकरणे विकली जातात. पहिल्यात पंखा असतो आणि एक नळी असते. त्या नळीतून जळालेले वायू बाहेर ढकलले जातात, पण ज्वलनासाठी लागणारी हवा मात्र खोलीतूनच घेतली जाते. साध्या गिझरपेक्षा हे बरे, तरीही ते बंदिस्त नव्हे. खऱ्या बंदिस्त उपकरणात ज्योतीची पेटी खोलीपासून पूर्ण तोडलेली असते, हवाही बाहेरून येते आणि वायूही बाहेरच जातात. त्याची नळी बहुधा दुपदरी असते : आतल्या नळीतून गरम वायू बाहेर जातात आणि तिच्याभोवतीच्या कड्यासारख्या पोकळीतून ताजी हवा आत येते. दुकानात नळीचे तोंड समोर धरून पाहावे. नळीत नळी दिसली नाही आणि हवेसाठी दुसरी स्वतंत्र नळीही दिली नसेल, तर ते उपकरण बाथरूमसाठी घेऊ नये, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

उपकरण खरे बंदिस्त असले तरी त्याची नळी डक्टमध्ये सोडण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. पाइप नेण्यासाठी आणि बाथरूमला थोडा उजेड मिळावा म्हणून ठेवलेली ती उभी बोळ असते, वायू वाहून नेणारे धुराडे नव्हे. कित्येक इमारतींत कबुतरे आणि पाऊस नको म्हणून डक्टच्या माथ्यावर पत्रा किंवा प्लास्टिकची चादर टाकलेली असते, आणि मग खालून आलेल्या गरम वायूंना वर जाऊन निघून जाण्याची वाटच राहत नाही. ते वरच्या मजल्यांच्या झडपांच्या खिडक्यांपाशी रेंगाळतात. त्याच वेळी वरच्या घरात स्वयंपाकघरातली चिमणी चालू असेल आणि बाकीच्या खिडक्या लावलेल्या असतील, तर चिमणीने बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई बाथरूमच्या खिडकीतून, म्हणजे डक्टमधूनच होते. आपल्या गिझरचे वायू अशा रीतीने दुसऱ्याच्या घरात ओढले जातात, आणि ज्यांच्याकडे गॅस गिझर नाही त्यांना हा धोका सुचणारही नाही.

यात आपल्यालाही धोका आहे. बंदिस्त उपकरण हवा घेते ती नळीच्या तोंडाजवळूनच. उघड्यावर वारा जळालेले वायू दूर नेतो. कोंडलेल्या डक्टमध्ये मात्र तेच वायू पुन्हा हवेच्या वाटेने पेटीत शिरतात, प्राणवायू कमी पडतो, आणि एरवी स्वच्छ जळणारा गिझरच कार्बन मोनॉक्साइड निर्माण करू लागतो.

म्हणून नळीचे तोंड मोकळ्या आकाशाखाली, बाहेरच्या भिंतीतूनच निघाले पाहिजे. ड्राय बाल्कनीचा पर्याय चांगला आहे, पण सरकत्या काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही खोलीच समजावी. गिझर तिथे बसवून नळी बाल्कनीतच सोडण्याचा प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे, आणि कपडे वाळत घालण्याची ती जागा स्वयंपाकघराच्या दाराला लागून असल्याने वायू थेट घरात येतात. नळी काचांच्या किंवा भिंतीच्या पलीकडे गेली पाहिजे. एका काचेच्या जागी पत्रा बसवून त्यातून नळी काढली तरी चालते, मात्र ती काच मग सरकवण्याजोगी राहू नये. कोणाचीही उघडणारी खिडकी तोंडाच्या लगत किंवा लगेच वर नसावी.

बसवताना प्लंबरवर सगळे सोपवू नये, उभे राहून काम पाहावे. साध्या बंदिस्त गिझरची नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी, नाहीतर पावसाळ्यात झोडपणारे पाणी सरळ पेटीत येईल. नळी आणि तिचे टोक उपकरणासोबत आलेलेच वापरावे. बाजारातली चुण्यांची ॲल्युमिनियमची नळी जोडून लांबी वाढवू नये, कारण पंख्याची ताकद ठरावीक लांबीपुरतीच असते आणि प्रत्येक काटकोनी वळण हे साधारण एक मीटर सरळ नळीइतके ओझे त्याच्यावर टाकते. टोकावर डासांची बारीक जाळी बसवण्याचा मोह टाळावा, ती धुळीने तुंबते. वर्षातून एकदा आणि सुटीवरून परतल्यावर टोकात डोकावून पाहावे. कुंभारमाशीला मातीचे घर बांधायला असे भोक फार आवडते.

आपल्या घरात बाहेरच्या भिंतीपर्यंत नळी नेण्याची सोय नसेल, तर विजेचा साठवणीचा गिझर घ्यावा. बिल थोडे वाढेल, ते वाढू द्यावे.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बॉयलर स्वयंपाकघरात आहे आणि त्याची नळी छताच्या खोट्या आवरणामागून दहा-बारा फूट जाऊन बाहेर निघते. तपासणीला आलेल्या इंजिनिअरने छताला नळी पाहण्यासाठी झडपा नाहीत म्हणून बॉयलर धोक्याचा ठरवला व आमच्या संमतीने बंद केला. बॉयलर उत्तम चालत होता. ही अडवणूक तर नव्हे?
— एक वाचक, स्लाव, इंग्लंड

उत्तर : अडवणूक मुळीच नव्हे, त्याने नियमाप्रमाणेच केले. ब्रिटनमध्ये गॅसचे काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या इंजिनिअरनेच करायचे असते, आणि झाकलेल्या जागेतून जाणाऱ्या नळीची पाहणी करता यावी म्हणून झडपा असाव्यात ही अट १ जानेवारी २०१३ पासून लागू आहे. झडप किमान ३०० मिलिमीटर लांब-रुंद असावी आणि नळीचा कोणताही सांधा झडपेपासून दीड मीटरपेक्षा दूर नसावा. सदनिकांच्या इमारतींत लांब नळ्या छतामागे दडवण्याची पद्धत पडली होती आणि तिथे सुटलेला सांधा वर्षानुवर्षे कोणाच्याही नजरेस पडत नसे.

बॉयलर उत्तम चालतो हा पुरावा अपुरा का, ते सांगतो. इंग्लंडमध्ये एप्रिल २००५ पासून नव्या बॉयलरसाठी जवळजवळ सर्वत्र कंडेन्सिंग प्रकार सक्तीचा झाला. हा बॉयलर जळालेल्या वायूंतील वाफेचीसुद्धा उष्णता काढून घेतो, त्यामुळे वायू नळीत शिरतात तेव्हा ते पन्नास-साठ अंशांच्या आसपास आलेले असतात आणि नळीत पाणी सुटते. ते पाणी आम्लधर्मी असते. ते बॉयलरकडे परत यावे म्हणून नळी बॉयलरच्या दिशेने सुमारे तीन अंश उतरती ठेवतात, म्हणजे कोथरूडच्या वाचिकेला सांगितले त्याच्या अगदी उलट. छतामागे आधाराचा पट्टा सुटून नळी मध्येच लोंबली, तर त्या खोलगट भागात पाणी साचते, सांध्यावर भार येतो आणि कालांतराने सांधा उघडतो. ही नळीही दुपदरी असते; तिची आतलीच नळी सुटली असेल तर खोलीत काही जाणवणार नाही. जळालेले वायू बाहेरच्या पोकळीतून हवेसोबत पुन्हा बॉयलरकडे जातील आणि ज्वलन हळूहळू बिघडेल. दोन्ही नळ्या निखळल्या तर वायू छतामागे पसरतील, आणि तिथून आपल्याच नव्हे तर शेजारच्या झोपण्याच्या खोलीतही उतरतील.

इंजिनिअर परत येईल तेव्हा त्याला दोन मोजमापांचे आकडे विचारावेत. हवेच्या वाटेत वायुमापक घातल्यावर प्राणवायू २०.६ टक्के किंवा अधिक आणि कार्बन डायऑक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आला, तर आतली नळी गळत नाही असे समजतात. बॉयलर पूर्ण क्षमतेवर असताना कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांचे गुणोत्तर ०.००४ पेक्षा जास्त नसावे. हे आकडे ठीक आले तरी झडपा बसवाव्याच लागतील, कारण मोजमाप त्या दिवसाचे असते आणि नळीचा आधार पुढे केव्हाही सुटू शकतो. हा खर्च घरमालकाचा आहे. वर्षातून एकदा गॅसची तपासणी करून घेणे आणि तिच्या नोंदीची प्रत अठ्ठावीस दिवसांत भाडेकरूला देणे हेही त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, ती प्रत मागून घ्यावी.

प्रश्न : आमच्या घराच्या बाजूच्या भिंतीतून घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप निघतात. मोठ्या हिमवर्षावानंतर भट्टी बंद पडली आणि पाइपांवरचा बर्फ काढल्यावर चालू झाली. प्लास्टिकचे पाइप धोक्याचे नाहीत ना?
— एक वाचिका, मिसिसागा, कॅनडा

उत्तर : या भट्टीचे वायू पुरेसे थंड असल्याने प्लास्टिक चालते, पण पाणी नेण्याचा साधा पीव्हीसी पाइप नव्हे. कॅनडात वायू नेण्यासाठी एस ६३६ या मानकाचा पाइपच लावावा लागतो आणि तशी छपाई पाइपावर असते, ती पाहून घ्यावी. भट्टी बंद पडली ही तक्रारीची गोष्ट नाही. हवेची किंवा वायूंची वाट तुंबली की दाबावर चालणारा स्विच गॅस तोडतो, आणि त्याने नेमके तेच केले. मात्र अर्धवट तुंबलेली वाट तो दर वेळी ओळखेलच असे नाही. पाइपांची तोंडे नेहमीच्या बर्फाच्या पातळीपेक्षा किमान ३० सेंटीमीटर वर असावीत. तशी नसतील तर ती उंच करून घ्यावीत, आणि वाट साफ करताना फावड्याने ओढलेला बर्फ त्या बाजूला टाकू नये.

आपल्याच प्रांतात वुडस्टॉक येथे डिसेंबर २००८ मध्ये गॅसच्या शेकोटीचे वायू बाहेर नेणारी वाट तुंबली आणि हॉकिन्स कुटुंबातील चौघे दगावले. घरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा करणारा ऑन्टारियोचा २०१३ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या झोपण्याच्या खोल्यांजवळचा अलार्म चालतो का, हे आजच बटण दाबून पाहावे.

प्रश्न : स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म आहे, तो गिझरसाठीही पुरेल का? परवा आंघोळीनंतर पत्नीला चक्कर आली व डोके दुखले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८ दाखवले, म्हणून निश्चिंत झालो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. गळतीचा अलार्म न जळालेला एलपीजी ओळखतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तो अलार्म जमिनीलगत बसवतात. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच हलका असतो व त्यासाठी वेगळा अलार्म लागतो, तो ऑनलाइन मिळतो. युरोपीय मानकाचा अलार्म हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल तर तास-दीड तासात आणि ३०० भाग असेल तर तीन मिनिटांच्या आत वाजतो. बाथरूममधल्या वाफेत तो टिकत नाही, म्हणून बाहेर बोळात व झोपण्याच्या खोलीत लावावा, आणि मागे छापलेली मुदत संपल्यावर बदलावा.

ऑक्सिमीटरचा आकडा येथे निरर्थक आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, पण बोटावरच्या साध्या यंत्राला त्या दोहोंतला फरक कळत नाही, त्यामुळे ते ९८ दाखवत राहते. अशी चक्कर पुन्हा आली तर त्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे, रुग्णालयात गिझरचा उल्लेख आपणहून करावा आणि रक्तातील कार्बोक्सीहिमोग्लोबिनची तपासणी मागावी. मोकळ्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, प्राणवायूच्या मुखवट्याने ते काम बरेच लवकर होते. तोवर गिझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवावा, आणि गिझर बाथरूममधून बाहेर निघेपर्यंत तो उघडू नये.