‘ती हे मुद्दाम करते’ असे वाटते तेव्हा

समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांकडून एक तक्रार मी सतत ऐकते : ‘मला त्रास व्हावा म्हणूनच ती असे वागते.’ वागणे डोळ्यांना दिसते, हेतू दिसत नाही. तो आपण आपल्याच आयुष्यातून काढून समोरच्याच्या पदरात घालतो आणि मग त्या हेतूवर वर्षानुवर्षे रागावत राहतो. हीच चिंता घेऊन येणाऱ्यांसाठी एका घराची हकिकत येथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

साठीच्या सासूबाई सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातून मुलाकडे पुण्याला राहायला आल्या होत्या. सून मुंबईजवळ वाढलेली आणि नोकरी करणारी. भांडणाचे कारण होते रात्री उरलेला भात. सून तो टाकून देत असे आणि त्यानंतर सासूबाई तिच्याशी दोन-दोन दिवस बोलत नसत.

“माझ्या डोळ्यांदेखत टाकती, मॅडम. मी अडाणी, खेड्यातली, म्हणून मला दाखवायला करती,” सासूबाई म्हणाल्या.

“मी नाही म्हटलं तरी आई तो भात ओट्यावर झाकून ठेवतात आणि सकाळी माझ्या मुलाला भरवतात,” सून म्हणाली. “माझा शब्द या घरात चालत नाही, हे त्यांना मला दाखवायचं असतं.”

दोघींचा आरोप एकच होता, हे माझ्या लगेच लक्षात आले. दोघींचा नियमही संस्कारातूनच आला होता. जेवणाआधीच्या श्लोकात आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो आणि गीतेच्या १७ व्या अध्यायात शिळ्या अन्नाची गणना तामसी आहारात होते. एकाच संस्कृतीने हे दोन्ही नियम आपल्या हाती दिले आहेत. त्यांपैकी कोणता आपल्या अंगात भिनतो, हे पुष्कळदा आपल्या वाट्याला काय आले यावर ठरते.

माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे. माणसाला प्रसंग अस्वस्थ करत नाही, त्या प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी अस्वस्थ करते, हे एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचे म्हणणे एलिस यांनी उपचाराच्या केंद्रस्थानी आणले. एलिस स्वतः भूतकाळात फारसे रमत नसत. मी मात्र, कुटुंबातील दोन माणसे समोर असतात तेव्हा, प्रत्येकाची दृष्टी कोठे घडली हे दुसऱ्याच्या कानांवर घालण्याचा आग्रह धरते आणि अनेक वर्षांच्या कामानंतर हा आग्रह योग्यच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

म्हणून पुढच्या एका भेटीत ‘अन्न टाकावे की टाकू नये’ हा वाद मी बाजूला ठेवला आणि विचारले, “काकू, तो भात कचऱ्यात पडतो तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?”

“काय यायचंय? भातच दिसतो.” एवढे बोलून त्या गप्प झाल्या. मी ती शांतता मोडली नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “आई दिसती. खडीवरची.”

१९७२ च्या दुष्काळात त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर राबत होती आणि त्यांची आई त्यांपैकी एक होती. ती दिवसभर खडी फोडायची, तिथे मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडे पौष्टिक खाणे, स्वतः न खाता पदराला बांधून पोरांसाठी आणायची. घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची, म्हणजे एका जातीच्या ज्वारीची, भाकरी असे. “एकदा मी ती भाकरी फेकली. लाल, कडक, गिळवत नव्हती. आई मला काय बी बोलली नाही. तिनं उचलली, माती झाडली आन् खाल्ली.”

सहा वर्षे एका घरात राहून सुनेने हे कधीच ऐकले नव्हते, मुलानेही नाही. सुनेने खुर्ची जवळ ओढली आणि कोणी न विचारताच सांगू लागली. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी शिळ्या भातातून विषबाधा झाली होती. रुग्णालयातल्या त्या रात्री आईबाबांचे चेहरे कसे दिसत होते, ते ती अजून विसरली नव्हती. “आई, तुम्ही बाळाला तो भात भरवता ना, तेव्हा मला माझा भाऊ दिसतो.”

“मग हे मला सांगायचं न्हाई का गं?” सासूबाई म्हणाल्या.

त्या प्रश्नात तक्रार नव्हती, हुरहूर होती. भात एकच होता, पण एकीला त्यात भूक दिसत होती आणि दुसरीला आजार. दोघींनाही आजवर समोरचीचा उद्धटपणा तेवढा दिसत आला होता. जेरोम ब्रूनर आणि सेसिल गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी मुलांना प्रकाशाचे वर्तुळ लहानमोठे करून ते नाण्याएवढे करायला सांगितले, तेव्हा गरीब घरातील मुलांनी नाणी सधन मुलांपेक्षा मोठी दाखवली. नंतरच्या प्रयोगांत हा फरक दर वेळी तितका ठळक आढळला नाही, तरीही गरज आणि अनुभव नजरेत मिसळतात याचा प्रत्यय मला माझ्या कामात नित्य येतो.

तोडगा मग त्या दोघींनीच काढला. तांदूळ मोजून लावायचा. उरलाच तर भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांनी फोडणी देऊन खायचा. सुनेची भीती निराधार नव्हती. भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकू शकतात, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जाईलच असे नाही. सासूबाईंचा जीव अजूनही कधीकधी कासावीस होतो, पण आता अबोला धरण्याऐवजी त्या तसे बोलून दाखवतात.

तुमच्या घरी अशीच खदखद असेल, तर ‘तू असे का करतेस?’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवा, कारण त्यातून केवळ बचाव ऐकू येतो. त्याऐवजी ‘हे पाहिले की तुला काय आठवते?’ असे विचारा. भर भांडणात हे विचारू नका, निवांत वेळ पाहा. समोरची व्यक्ती बोलायला तयार नसेल, तर आधी स्वतःची आठवण सांगा आणि उत्तराची घाई करू नका. काहींना ते शब्दांत आणायला महिने लागतात. मात्र मारहाण, सततचा अपमान किंवा धमक्या यांना हा मार्ग लागू करू नका. तेथे समोरच्याचा भूतकाळ समजून घेण्याआधी स्वतःची सुरक्षितता पाहावी आणि विश्वासातील माणसाची किंवा कायद्याची मदत घ्यावी.