फ्रँकफर्टला लुफ्थान्साच्या लाउंजमध्ये इकॉनॉमीच्या तिकिटावर जाता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो, लुफ्थान्सा, इकॉनॉमी. नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी. मध्ये साडेपाच तासांचा थांबा. हातात असं क्रेडिट कार्ड, ज्यावर मुंबईत लाउंज फुकट मिळतं. तेच कार्ड फ्रँकफर्टला लुफ्थान्साच्या लाउंजमध्ये चालेल का, आणि नाही चाललं तर आत जायचं कसं?

कार्डावर जवळपास नाहीच. मुंबईत कार्ड घासून, पडताळणीचे २ रुपये कापून घेऊन तुम्हाला जिथे बसवतात ते मुळात विमान कंपनीचं लाउंज नसतं. ते सामायिक लाउंज असतं आणि तुमच्या खाण्यापिण्याचं बिल बँक भरते. गोंधळ होतो तो असा, की मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये बहुतेक परदेशी कंपन्यांचं स्वतःचं लाउंज नाही, त्यामुळे त्यांचे बिझनेस क्लासचे प्रवासीही अशाच सामायिक लाउंजमध्ये दिसतात. मग वाटतं की आपण आणि ते एकाच हक्काने आत आलो. फ्रँकफर्टला दार लुफ्थान्साचं, काउंटरही त्यांचाच. तिथे तुमच्या बँकेचा संबंध येत नाही.

आणि मुंबईतसुद्धा गाफील राहू नका. पुष्कळ कार्डांवरची सवलत फक्त देशांतर्गत लाउंजसाठी असते. इमिग्रेशन पार करून आंतरराष्ट्रीय बाजूला गेलात की तेच कार्ड नाकारलं जातं. तिथे प्रायॉरिटी पास (अनेक विमानतळांवरच्या सामायिक लाउंजमध्ये प्रवेश देणारं सभासदत्व) किंवा कार्डावरचा वेगळा आंतरराष्ट्रीय कोटा लागतो. शिवाय मागच्या तिमाहीतल्या खर्चाची अट. आयसीआयसीआयने नोव्हेंबर २०२४ पासून आपल्या बऱ्याच कार्डांसाठी ती ३५,००० वरून ७५,००० रुपयांवर नेली. बँकेच्या ॲपमध्ये आपली पात्रता घरीच बघून निघा.

आता विमान कंपनीच्या लाउंजकडे. काउंटरवर तीन गोष्टी पाहतात: तुमचं पुढचं विमान कोण उडवतंय, बोर्डिंग पासवर वर्ग किंवा सभासदत्वाचा दर्जा काय छापलाय, आणि आज तुम्ही त्या विमानतळावरून निघताय का. तुम्ही इकॉनॉमीने उतरलेलं विमान हिशेबात धरत नाहीत, म्हणून फ्रँकफर्टला शिकागोचा बोर्डिंग पास दाखवायचा, मुंबईचा नाही.

इकॉनॉमीच्या तिकिटावर हक्काने आत जाण्याचा खरा रस्ता म्हणजे स्टार अलायन्स गोल्ड. लुफ्थान्सा, एअर इंडिया, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड, टर्किश या सगळ्या स्टार अलायन्स नावाच्या एकाच गटातल्या. यांपैकी कोणत्याही एका कंपनीच्या सभासद योजनेत गोल्ड दर्जा मिळवला की तो बाकीच्या कंपन्यांच्या विमानांवर चालतो, वर्ग कोणताही असो. एअर इंडियाच्या महाराजा क्लबचे गोल्ड आणि प्लॅटिनम सभासद यात येतात, सिल्व्हर येत नाहीत. सिंगापूरच्या क्रिसफ्लायर योजनेत एलिट गोल्डसाठी १२ महिन्यांत ५०,००० एलिट माइल्स (विमानप्रवासावर मिळणारे, दर्जा ठरवणारे गुण) लागतात. एका अमेरिकावारीत हे जमत नाही. कामानिमित्त वर्षभर फिरणाऱ्याचं हे काम.

लुफ्थान्साकडे यात एक गंमत आहे. त्यांचं बिझनेस लाउंज वेगळं आणि सेनेटर लाउंज वेगळं. सेनेटर वरच्या दर्जाचं. स्टार गोल्ड असलेला इकॉनॉमीचा प्रवासी सेनेटरमध्ये जातो. लाखभर जास्त मोजून बिझनेसचं तिकीट काढलेला, पण गोल्ड नसलेला प्रवासी बिझनेस लाउंजमध्ये.

सोबत किती जण? तुमच्या बाबतीत सगळं इथेच अडतं. गोल्ड सभासदाला एक पाहुणा नेता येतो, आणि त्या पाहुण्याचाही स्टार अलायन्सच्याच विमानाचा बोर्डिंग पास लागतो. फर्स्ट क्लासवाल्यालाही एक. बिझनेसवाल्याला एकही नाही. म्हणजे तुम्ही वरच्या वर्गासाठी कंपनीकडे बोली लावून एकट्याचं तिकीट बिझनेस करून घेतलंत, तर बायको-मुलगी बाहेर. तुम्ही गोल्ड असलात तर बायको आत, मुलगी उरते. दोन वर्षांखालचं बाळ बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, आठ वर्षांची मुलगी मोजतात. काउंटरवरची व्यक्ती कधी सोडते, कधी नाही; त्या भरवशावर बेत आखू नका. दोघंही गोल्ड असाल तर चौघांची सोय होते.

दर्जा असूनही लोक दारातून परत येतात, त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे सभासद क्रमांक बुकिंगला जोडलेलाच नसतो, किंवा माइल्स दुसरीकडे जमा व्हाव्यात म्हणून भलत्याच योजनेचा जोडलेला असतो. मग बोर्डिंग पासवर स्टार गोल्ड छापून येत नाही. अशा वेळी कंपनीच्या ॲपमधलं सभासद कार्ड दाखवायचं. त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण विमानतळाचं वायफाय नेमकं तेव्हाच रुसतं. क्रमांक जोडताना आपल्याकडे नावाची भानगड फार होते. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. सभासद खात्यात मात्र फक्त पहिलं नाव आणि आडनाव. संगणकाला दोन वेगळी माणसं वाटतात आणि क्रमांक स्वीकारला जात नाही. खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यायला कागदपत्रं पाठवावी लागतात, म्हणून हे काम तिकीट काढण्याआधीच उरका.

दुसरं, तिकिटावर छापलेली कंपनी आणि प्रत्यक्ष विमान उडवणारी कंपनी वेगळी असते. तिकिटावर एअर इंडियाचा क्रमांक, विमान मात्र एअर इंडिया एक्सप्रेसचं. एक्सप्रेस स्टार अलायन्समध्ये नाही, त्यामुळे गोल्डचा उपयोग शून्य. तिकिटात ‘ऑपरेटेड बाय’ समोर काय लिहिलंय ते वाचा.

तिसरं, वेळ. स्टार अलायन्सचा नियम असा, की पुढचं विमान त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे ५ च्या आत सुटणारं हवं. रात्री नऊला उतरलात आणि पुढचं विमान सकाळी साडेसातला असेल तर तुम्ही त्यात बसत नाही. काही लाउंज तर सुटण्याआधी फक्त तीन तासच आत घेतात. प्रवास संपल्यावर, म्हणजे मुंबईत उतरल्यावर, गोल्डवर लाउंज मिळत नाही.

फ्रँकफर्टची स्वतःची एक अडचण आहे, ती जागेची. टर्मिनल १ मध्ये ए आणि झेड ही एकाच इमारतीची दोन अंगं: ए शेंगेन देशांसाठी (आपसात पासपोर्ट तपासणी नसलेले युरोपातले देश), झेड बाकीच्या जगासाठी, आणि मध्ये पासपोर्ट तपासणी. नकाशावर ए मधलं लाउंज हाकेच्या अंतरावर दिसतं, पण अमेरिकेचा व्हिसा असलेला आणि शेंगेन व्हिसा नसलेला भारतीय पासपोर्टधारक तिथे पोहोचूच शकत नाही. तुमचं शिकागोचं गेट बी किंवा झेडला असेल. लाउंजही तिकडचंच शोधा. दोन्हीकडे लुफ्थान्साची लाउंज आहेत. मुंबईहून उतरल्यावर सुरक्षा तपासणी पुन्हा होते, रांग मोठी असू शकते, म्हणून साडेपाच तासांपैकी हातात साडेचारच धरा. मुंबईत चेक-इन करताना दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरा पास मिळेलच असं नाही. मग आधी ट्रान्सफर काउंटर, नंतर लाउंज.

पैसे भरून? लुफ्थान्सा आपल्या काही बिझनेस लाउंजमध्ये विकत प्रवेश देते. गर्दी असेल तर तोही बंद. तिघांचे पैसे मोजून पाव, चीज, सूप आणि कॉफी घ्यायची असेल तर मी म्हणेन, सोडून द्या. शॉवर हवाच असेल तर वेगळी गोष्ट. अर्थात फ्रँकफर्टच्या विमानतळावर लाउंजबाहेरही पैसे देऊन शॉवर घेता येतो.

परतीला शिकागोत नावाने फसू नका. युनायटेडचं पोलॅरिस लाउंज (पहिलं तिथेच २०१६ च्या डिसेंबरात उघडलं) लांब पल्ल्याच्या बिझनेस प्रवाशांसाठी आहे. इकॉनॉमीतल्या गोल्डला त्यांचं साधं लाउंज, म्हणजे युनायटेड क्लब. आणि अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात एक मजेशीर नियम लागू होतो: युनायटेडच्याच योजनेतल्या गोल्डला केवळ देशांतर्गत प्रवास असेल तर क्लबमध्ये प्रवेश नाही, पण महाराजा क्लबच्या गोल्डला आहे. अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक म्हणूनच माइल्स युनायटेडमध्ये न टाकता बाहेरच्या योजनेत टाकतात.

पुढच्या वेळी दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर गणित बदलतं. एमिरेट्स कोणत्याही गटात नाही, तिथे स्टार गोल्ड चालत नाही. त्यांच्या स्कायवर्ड्स या सभासद योजनेत सिल्व्हर २५,००० टिअर माइल्सना (दर्जा ठरवणाऱ्या गुणांना) मिळतं आणि त्यावर फक्त दुबईच्या बिझनेस लाउंजमध्ये, तेही एकट्यालाच जाता येतं. ५०,००० च्या गोल्डवर एक पाहुणा. बिझनेसचं स्वस्त तिकीट दिसलं तर भाड्याचं नाव वाचा: एमिरेट्सच्या ‘स्पेशल’ आणि दोहामार्गे नेणाऱ्या कतार एअरवेजच्या ‘लाइट’ भाड्यात लाउंज धरलेलंच नाही. दुबईत कार्डवाल्यांसाठी मरहबा लाउंज आहे. प्रायॉरिटी पास असेल तर तिकडे वळा.

आत गेलात तर शॉवर लागणार असल्यास काउंटरवरच सांगा, सकाळी त्यासाठी थांबावं लागतं. शाकाहारी असाल तर सूप कशाचं आहे ते विचारून घ्या. आणि घोषणांची वाट पाहू नका. बहुतेक मोठ्या लाउंजमध्ये प्रत्येक विमानाची घोषणा करत नाहीत, पडद्यावर बघायचं. शिकागोच्या गेटवर कागदपत्रांची पुन्हा तपासणी होते, त्यामुळे सुटण्याच्या निदान तासभर आधी उठा. बी मधल्या लाउंजमधून झेडच्या गेटला जायचं असेल तर त्याहून २० मिनिटं आधी.