‘आरएफडी’ला मराठीत काय म्हणायचं?

एका वाचकाचा प्रश्न आहे: अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या गे पुरुषांचं ‘आरएफडी’ नावाचं एक प्रकाशन १९७४ पासून निघतं. मराठीत त्याविषयी लिहिताना ‘ग्रामीण समलिंगी अनियतकालिक’ असा शब्दप्रयोग चालेल का? आणि ‘आरएफडी’ म्हणजे नक्की काय?

‘अनियतकालिक’ आधी बाजूला ठेवू. मराठीत साठच्या दशकात लघुनियतकालिकांची लाट आली. पैसे जमतील तेव्हा अंक, नाहीतर नाही, असा तो कारभार होता, म्हणून ‘अनियतकालिक’ हा शब्द तिथे चपखल बसला. पुढे त्याला बंडखोरीचा वासही चिकटला. ‘आरएफडी’ही हौसेवर आणि वर्गणीवर चालणारं, कुठल्याही प्रकाशनसंस्थेच्या दावणीला न बांधलेलं, पण ते निघतं ऋतूंप्रमाणे, वर्षातून चारदा. पहिला अंक १९७४च्या शरद ऋतूचा. तेव्हा सरळ ‘त्रैमासिक’ म्हणावं. ‘लघुनियतकालिक’ म्हणायलाही माझी हरकत आहे, कारण तो शब्द ऐकला की आपल्याला कविता आठवते, आणि या अंकांत कवितेच्या शेजारी सेंद्रिय खत, पाककृती, झाडपाल्याची औषधं आणि तुरुंगातून आलेली पत्रं असत. मजकूर बहुतेक वाचकांचाच.

‘समलिंगी’ ठीक आहे. हिंदीवरून आलेल्या ‘समलैंगिक’पेक्षा मला तोच बरा वाटतो. मात्र इथे फक्त पुरुषांची गोष्ट चालली आहे, तेव्हा ‘गे’ लिहिणं जास्त नेमकं. हा शब्द आता मराठीत रुळला आहे.

खरी गोम ‘ग्रामीण’मध्ये आहे. या त्रैमासिकाचं उपशीर्षक बरीच वर्षं असं होतं: ‘अ कंट्री जर्नल फॉर गे मेन एव्हरीव्हेअर’. इथे ‘कंट्री’ हे विशेषण पुरुषांना लागलेलं नाही, जर्नलला लागलेलं आहे. पुरुष ‘एव्हरीव्हेअर’, म्हणजे कुठलेही. ‘ग्रामीण समलिंगींचं त्रैमासिक’ म्हटलं की विशेषण उडी मारून माणसांवर जाऊन बसतं आणि शिकागोतल्या पाचव्या मजल्यावर अंक वाचणारा वर्गणीदार बाद होतो. शिवाय मराठीत ‘ग्रामीण’ म्हटलं की ‘ग्रामीण साहित्य’ आठवतं, म्हणजे लिहिणारा मातीतच जन्मला-वाढला असं आपण गृहीत धरतो. ‘आरएफडी’त दोन्ही प्रकारची माणसं होती. काही गावातच वाढलेली आणि तिथेच राहू पाहणारी, तर काही शहराला कंटाळून जमीन कसायला निघालेली. दुसऱ्या प्रकारातलं ठळक नाव कार्ल विटमनचं. १९७०मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या गे जाहीरनाम्यात त्याने सॅन फ्रान्सिस्कोला समलिंगींची निर्वासित छावणी म्हटलं होतं. हा माणूस पुढे छावणी सोडून ओरेगॉन राज्यातल्या वुल्फ क्रीकला राहायला गेला आणि ‘आरएफडी’च्या सुरुवातीच्या काळात त्याचा तिथे हात होता.

मी ‘ग्रामीण’ऐवजी ‘गावाकडचं’ सुचवतो. ‘गावाकडचं’ म्हणणारा बहुधा स्वतः गावात नसतो. तो मुंबईत किंवा पुण्यात बसून गावाकडे बघत असतो. उपशीर्षकातल्या ‘एव्हरीव्हेअर’ची सोय त्यात आपोआप होते. ‘सगळीकडच्या गे पुरुषांचं गावाकडचं त्रैमासिक’. अगदी कानाला गोड नाही, पण खोटंही नाही.

आता नाव. ‘आरएफडी’ म्हणजे ‘रूरल फ्री डिलिव्हरी’, अमेरिकी टपालखात्याची एक सेवा. ‘फ्री’ पाहून ‘मुक्त’ किंवा ‘स्वतंत्र’ लिहू नका, इथे त्याचा अर्थ ‘वेगळे पैसे न घेता’ एवढाच. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत घरपोच टपाल १८६३ पासून मिळू लागलं होतं. शेतकऱ्याला मात्र आपलं पत्र आणायला गावातल्या पोस्टात जावं लागे, आणि ते पोस्ट पुष्कळदा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात असे. वेस्ट व्हर्जिनियात १८९६च्या ऑक्टोबरमध्ये प्रयोग म्हणून खेड्यांत घरपोच टपाल सुरू झालं आणि १९०२मध्ये ते कायम झालं. ठरलेल्या रस्त्याने टपालवाला गाडी घेऊन निघायचा आणि प्रत्येक शेताच्या तोंडाशी खांबावर लावलेल्या पत्र्याच्या पेटीत टपाल टाकायचा. शेतकऱ्याला आपलं पत्र धाडायचं असेल तर तो पेटीचा बारका लाल झेंडा वर करून ठेवी. गाडीवाला तिकिटंही विके. खेड्यातल्या रस्त्यांना नावं नसत, घरांना नंबर नसत, म्हणून पत्त्यात ‘आरएफडी’, फेरीचा क्रमांक आणि पेटीचा क्रमांक एवढंच लिहायचं. लिफाफ्यावर ही तीन अक्षरं दिसली की माणूस शहरातला नाही हे कळायचं.

आपल्याकडे हे काम कोणती अक्षरं करतात? ‘मु. पो.’! मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा फलाणा. शहरातल्या पत्त्यात कुणी ‘मु. पो.’ लिहीत नाही, आणि गावाला स्वतःचं पोस्ट नसेल तर ‘मु.’ वेगळं आणि ‘पो.’ वेगळं पडतं. ‘आरएफडी’चा शब्दार्थ सांगायचा तर ‘खेड्यातलं विनामूल्य घरपोच टपाल’ असा सांगावा. पण अमेरिकी वाचकाच्या कानावर ते नाव कसं पडतं हे सांगायचं असेल तर ‘मु. पो.’ला तोड नाही.

टपालाचं नाव घेण्यामागे नुसती गंमत नव्हती. शहरातल्या माणसाला बार होते, संघटना होत्या, रस्त्यावरचा मोर्चा होता. आयोवातल्या मक्याच्या शेतावर राहणाऱ्याला आपल्यासारखा दुसरा कोण, हे कळायचा मार्ग त्या पत्र्याच्या पेटीतूनच जायचा. आणि हे टपाल काही सुरुवातीपासून खुलं नव्हतं. लॉस एंजेलिसहून १९५३ पासून निघणाऱ्या ‘वन’ या समलिंगींच्या मासिकाचा १९५४च्या ऑक्टोबरचा अंक तिथल्या पोस्टमास्तरने अश्लील ठरवून अडवला. खालच्या कोर्टांनी पोस्टाचीच बाजू घेतली. १३ जानेवारी १९५८ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, तोही लांबलचक निकालपत्र न लिहिता. समलिंगींविषयीचा मजकूर केवळ त्या विषयाचा आहे म्हणून टपालातून बाद होणार नाही, हे तेव्हा पक्कं झालं. सोळा वर्षांनी काही जणांनी टपालसेवेचंच नाव आपल्या अंकाला दिलं, ते हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून की नाही, ते बाजूला ठेवू. जोडी मात्र जमली.

गंमतही होतीच. पहिल्या अंकावर या तीन अक्षरांचा विस्तार ‘रस्टिक फेअरी ड्रीम्स’ असा केला होता, आणि दर अंकाला याच अक्षरांतून नवा विस्तार काढायची प्रथा पडली. ‘रस्टिक’ला मराठीत ‘गावरान’ आहेच, कोंबडीपासून तुपापर्यंत कशालाही चालणारा. अडचण ‘फेअरी’ची. तो शब्द म्हणजे परी खरी, पण अमेरिकेत गे पुरुषाला हिणवायचीही ती शिवी होती. ‘गावरान परीस्वप्नं’ म्हटलं तर शिवी गळून पडते आणि बालवाङ्मय उरतं. ‘बायल्या’ घेतलं तर शिवी येते, परी जाते. मी ‘बायल्या’कडे झुकतो, कारण शिवी आपणच अंगावर घेऊन मिरवायची यातच त्या नावाची मजा होती. (पुढे १९७९मध्ये ‘हॅरी हे’ नावाच्या गे कार्यकर्त्याने आणि इतरांनी अॅरिझोनाच्या वाळवंटात मेळावा भरवला, त्यातून ‘रॅडिकल फेअरी’ ही गे पुरुषांची चळवळ उभी राहिली आणि ‘आरएफडी’चं तिच्याशी घट्ट नातं जुळलं. शब्द मात्र पाच वर्षं आधीच मुखपृष्ठावर होता.)

असा खेळ मराठीत करायचाच झाला तर ‘मु. पो.’चा विस्तार मी ‘मुलखावेगळी पोरं’ असा करीन.

अंकाचं बिऱ्हाडही नावाला साजेसं फिरतं राहिलं: आयोवा, मग ओरेगॉनमधलं वुल्फ क्रीक, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, आणि नंतर न्यू इंग्लंड. काम करणारा गट थकला की दुसऱ्या गावातला गट अंक उचलायचा. त्यामुळे मराठीत लिहिताना ‘अमुक संपादकाचं आरएफडी’ असं लिहू नये. ‘संपादक मंडळ’ किंवा नुसतं ‘मंडळी’ बरं. तुलना करायची तर आपल्याकडचं ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं नियतकालिक आठवतं. अशोक राव कवींनी १९९०मध्ये सुरू केलेल्या त्या अंकाने नावातच शहर घेतलं होतं, ‘आरएफडी’ने बरोबर उलटं केलं.

प्रश्नात न आलेली एक गोष्ट. ‘खेड्यातल्या गे नियतकालिकांचा इतिहास’ असं शीर्षक देऊन फक्त ‘आरएफडी’वर थांबलात तर बायका सुटतील, आणि वाट त्यांनी आधी पाडली होती. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो भागातून निघणारं ‘कंट्री विमेन’ ‘आरएफडी’च्या आधीचं. त्यात कुंपण कसं घालायचं, शेळी कशी पाळायची याच्या बरोबरीने स्त्रीवाद असे, आणि लिहिणाऱ्यांत लेस्बियन स्त्रिया बऱ्याच. रूथ आणि जीन माउंटनग्रोव्ह यांचं ‘वुमनस्पिरिट’ १९७४ ते १९८४ त्याच वुल्फ क्रीकहून निघालं. आणि १९८३ पासून ‘मेझ’, लेस्बियन स्त्रियांचं गावाकडचं नियतकालिक. त्याचं नाव लिहिताना ‘झ’ जपा. ‘मेझ’ म्हणजे मका, ‘मेज’ लिहिलंत तर टेबल होईल.