टक्के काढता येतात, तरी उत्तर चुकतं: गडबड बहुधा पायाची असते

तुमच्या मुलीचं गणित वाचलं: 15 टक्के वाढून संख्या 920 झाली, तर मूळ संख्या किती? तिने 920 चे 15 टक्के, म्हणजे 138, वजा करून 782 उत्तर काढलं. आकडेमोड बिनचूक, उत्तर चूक. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. शंभराने भागणं तिला येतंय, तेच पुन्हा घोटून घेऊ नका.

ज्या संख्येचे टक्के काढायचे, ती म्हणजे पाया. वाढीचे 15 टक्के मूळ संख्येचे होते, 920 चे नव्हेत. 920 हे मुळाचे 115 टक्के. 920 ला 115 ने भागलं की 1 टक्का मिळतो, 8. त्याची शंभरपट 800. तिने ताळा केला असता तर 782 मध्ये त्याचेच 15 टक्के, 117.3, मिळवून 899.3 आले असते आणि चूक जागीच सापडली असती.

तेव्हा प्रत्येक टक्क्याशेजारी ‘कशाचे?’ हे लिहायला लावा. मुलं कंटाळतात, पण महिनाभर तरी सोडू नका. मग गुणक: 15 टक्के वाढ म्हणजे गुणिले 1.15, घट म्हणजे गुणिले 0.85, उलट जायचं तर त्यानेच भागायचं. 8 टक्के वाढीला हमखास 1.8 लिहिलं जातं, हवं 1.08. आधी 20 टक्के वाढ, मग 20 टक्के घट? 1.2 × 0.8 = 0.96. मुळापेक्षा 4 टक्के कमी.

नफा, सवलत, चक्रवाढ व्याज यांची वेगवेगळी सूत्रं पाठ करून घेणाऱ्या शिकवण्यांचा मात्र मला राग येतो. गणित एकच, नावं चार, आणि ‘मूळ किंमत काढा’ म्हटलं की पोरं गारद! अर्थात हे माझं मत. पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे गुणकाची मांडणी चालते का, हे शाळेत विचारून घ्या. मूळ संख्या x मानून 1.15x = 920 असं समीकरण मांडलं तरी गणित तेच.

जाता जाता, 25 चे 16 टक्के अवघड वाटले तर 16 चे 25 टक्के काढा, दोन्ही 4 च. आणि टक्क्यांची थेट सरासरी काढू देऊ नका: 20 जणांतले 50 टक्के आणि 60 जणांतले 90 टक्के उत्तीर्ण, तर एकूण 80 पैकी 64, म्हणजे 80 टक्के, 70 नव्हे.