‘बहुतेक’ सोडतेय म्हणणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

तुझा निरोप काल रात्री वाचला. ‘मावशी, मी बहुतेक सोडतेय.’ दोन आठवडे तू सणस मैदानावर दिसली नाहीस तेव्हाच मला शंका आली होती. आठशे मीटर पळणाऱ्या मुली ताप आला तरी तिसऱ्या दिवशी येऊन पायऱ्यांवर बसतात, दुसऱ्यांचे लॅप मोजतात. दोन आठवडे कोणी येतच नाही तेव्हा काहीतरी ठरलेलं असतं, नाहीतर ठरवायचं टाळलं जात असतं.

सोडू नकोस असं मी सांगणार नाही. जुलैत तुझी नोकरी सुरू होईल. हिंजवडीला पोचायचं, रात्री आठ-नऊला घरी यायचं आणि पहाटे साडेपाचला पुन्हा स्पाइक्स बांधायचे हे किती दिवस जमेल, मला माहीत आहे. मला लिहायचंय ते फक्त तुझ्या त्या ‘बहुतेक’बद्दल, कारण मीही पळणं तसंच सोडलं होतं.

मी पळत होते तेव्हा पुण्यात आमच्या वाट्याला मातीचं मैदान होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी फक्की मारून ट्रॅक आखायचा, आणि रात्री पाऊस पडला की सकाळी पुन्हा आखायचा. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. माझं पळणं त्याआधीच संपलं होतं. रोज पहाटे वडील सायकलवर आणि मी त्यांच्या पुढे पळत, असे आम्ही नारायण पेठेतून निघायचो. रविवारी पर्वती. एकशे तीन पायऱ्या, दहा वेळा. वडील खाली उभे राहून किल्लीचं स्टॉपवॉच दाबायचे आणि घरी आल्यावर एका औषध कंपनीच्या डायरीत आकडे लिहायचे. स्वतः ते आयुष्यात कधी पळले नव्हते.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषाचं चारशे मीटर हर्डल्सचं पदक सेकंदाच्या एक शतांशाने गेलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये आठशे मीटरला शायनी अब्राहम उपांत्य फेरीत पोचली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आपल्यासारख्या साध्या घरातल्या मुली तिथवर जातात हे कळल्यावर मी पुढची तीन वर्षं दुसरा विचारच केला नाही. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये शायनी आठशेला सगळ्यांच्या पुढे होती आणि तिला बाद केलं, कारण पहिलं वळण संपून रेषा ओलांडायच्या आधीच ती आतल्या लेनमध्ये शिरली होती. त्या आठवड्यात वडिलांनी मला ती रेषा मैदानावर फक्कीने तीनदा आखून दाखवली. आजही तू पहिल्या वळणावरून बाहेर येतेस तेव्हा माझी नजर आधी त्या रेषेवर जाते.

१९८७ च्या पावसाळ्यानंतर आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड चाचणी झाली. मी चौथी आले. घेणार होते दोघींना. पुढच्या सोमवारी मी मैदानावर गेले नाही. मंगळवारीही नाही. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास आहे असं घरी म्हणाले, आणि तो होताही. त्यानंतर मी कधीच गेले नाही. सोडतेय असं कोणाला सांगितलंही नाही.

आता खरी गोष्ट. पुढची तीस वर्षं, कोणी विचारलं तर मी म्हणायचे, ‘अहो, तेव्हा मुलींना कुठे पळू देत होते? लग्नाचं वय झालं होतं.’ लोक लगेच मान डोलवायचे. मुलीचं पळणं घरच्यांनी थांबवलं यावर आपल्याकडे कोणाचाही चटकन विश्वास बसतो, कारण हजारो मुलींच्या बाबतीत ते खरंच असतं. माझ्या बाबतीत ते खोटं होतं. माझं पळणं कोणी थांबवलं नाही. मी चौथी आले, पुढच्या तिघींच्या पाठी किती लांब होत्या ते पाहिलं, आणि घाबरले. जो माणूस माझ्यासाठी पहाटे सायकल काढायचा, त्याच्यावर मी ते न बोलता ढकललं.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा ती डायरी सापडली. निवड चाचणीच्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘पहिली फेरी ६५. दुसरी ७१.४. एकूण २ मि. १६.४. घाई केली. ट्रॅक ओला. चौथी.’ मी मात्र इतकी वर्षं सगळ्यांना २:१४ सांगत आले होते. ठरवून नाही. माझी खरंच तशी समजूत होती.

पुढचं पान सोमवारचं. तारीख, वार आणि पुढे एक आडवी रेघ. मंगळवार, रेघ. असे नऊ दिवस. दहाव्या दिवसापासून पानं कोरी आहेत. नऊ दिवस ते पहाटे उठून वाट पाहत होते, आणि मला विचारून ओशाळवाणं करायचं नाही म्हणून गप्प राहिले. मला यायचं नव्हतं याचं आज इतकं वाईट वाटत नाही. मी त्यांना सांगायला हवं होतं.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते: तुझे आकडे आत्ताच लिहून ठेव. फोनमधलं ॲप चार वर्षांनी बंद पडेल, वहीत लिही. नुसतं टायमिंग नको. दोन्ही लॅपचे स्प्लिट म्हणजे प्रत्येक फेरीची वेगळी वेळ, मैदान, वारा, कितवी आलीस, पुढे कोण होतं, सगळं. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळाले. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी मुलं पाहून दोराबजी टाटांनी जो ध्यास घेतला, त्यातून भारताचा तो संघ गेला होता. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. शंभर वर्षांनंतरही हा आकडा तसाच वाचता येतो, आणि एकोणिसावा म्हणून तो मला जराही लहान वाटत नाही.

दुसरी गोष्ट जरा कठोर वाटेल. ‘थोडक्यात हुकलं’ हे शब्द जपून वापर. उषाचं थोडक्यात हुकलं होतं. माझं नाही. मी एकदा कागदावर हिशोब केला. टिंटू लुकाने २०१० मध्ये आठशे मीटर १:५९.१७ मध्ये पार केले, राष्ट्रीय विक्रम केला. ती अंतिम रेषेवर पोचेल त्या क्षणी २:१६.४ वाली मी साधारण शंभर मीटर मागे असेन, म्हणजे शेवटच्या वळणातून अजून बाहेरही आलेली नसेन. हे अंतर एकदा डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या मनातला ‘मी काय झाले असते’ हा प्रश्न मिटला. मी भारतासाठी पळाले नसते. पण त्या ६५ आणि ७१.४ कडे बघ. पहिली फेरी ६७ ला काढली असती तर मी दुसरीत इतकी कोसळले नसते. अजून एक-दोन हंगाम मिळाले असते तर २:१२ नक्की जमलं असतं, असं आज तुमच्यासारख्यांना पळताना पाहून मी खात्रीने म्हणते. ते २:१२ माझे होते. हळहळ वाटते ती त्यांची.

तुझं सर्वोत्तम २:१५.८ आहे आणि तुझ्यात अजून आहे. दर शर्यतीत तू पाचशे मीटरला थांबल्यासारखी होतेस, कारण पहिले दोनशे तू दुसऱ्या कोणाच्या तरी वेगाने पळतेस. शिवाय वळणावर दुसऱ्या लेनमध्ये अडकून राहतेस. पूर्ण लॅप तिथे राहिलीस तर सात-साडेसात मीटर जास्तीचे पळतेस. एक तर पुढे जा, नाहीतर मागे येऊन आत शिर.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. जुलैच्या आधीची एक स्पर्धा निवड. ती शेवटची असं स्वतःला सांग, घरी सांग, मैदानावर सांग. सहा आठवडे नीट सराव कर आणि शेवटची म्हणूनच पळ. त्यानंतर सोड. नोकरीतल्या खेळाडू आरक्षणासाठी अजून चार वर्षं रेटायचा विचार मध्यंतरी तुझ्या डोक्यात होता. तो हिशोब वेगळा आहे, त्यावर समोरासमोर बोलू.

या सहा आठवड्यांत जेवण कमी करायचं नाही. नडगी दुखतेय असं तू फेब्रुवारीत म्हणाली होतीस, आणि पाळी चुकतेय असंही. आमच्या वेळी पाळी थांबली की सराव चांगला चाललाय असं समजायचे. ते साफ चूक होतं. पोटात पुरेसं जात नसलं की शरीर आधी पाळी थांबवतं, आणि मग हाडं कमकुवत होतात. आधी डॉक्टरांकडे जा; त्या हो म्हणाल्या तरच स्पाइक्स घाल. शर्यत झाल्यावरही एकदम बंद करू नकोस. आठवड्याला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची सवय असलेलं शरीर हळूहळू उतरवावं लागतं. तळजाईच्या टेकडीवर जा, घड्याळ न लावता. सुरुवातीला विचित्र वाटेल.

आणि आईला सांग. ती रोज पहाटे तुला स्कूटरवर सोडते आणि पूर्ण वेळ गेटपाशी थांबते, कधी आत येत नाही. तिला ‘बहुतेक’ सांगू नकोस. तारीख सांग, आणि त्या दिवशी तिला आत बोलाव.

तारीख ठरली की मलाही कळव. डायरीसोबत वडिलांचं ते स्टॉपवॉचही सापडलं. लक्ष्मी रोडवरच्या घड्याळजीने साफ करून दिलंय, किल्ली दिली की चालतं. तुझे स्प्लिट मी त्याच्यावर घेईन, आणि डायरीतल्या कोऱ्या पानावर लिहीन.

तुझी
मावशी