वाचकांचे प्रश्न : कॅनडाला जायचं तर फ्रेंच यायलाच हवी का?

प्रश्न : सर, मुलगा अंबडला एका कंपनीत आहे, पुढच्या वर्षी मास्टर्ससाठी कॅनडाला जायचं म्हणतोय. कॉलेज रोडला एका एजंटकडे गेलो तर ते म्हणाले तिकडे इंग्लिश आणि फ्रेंच दोन्ही कम्पल्सरी, आमचा फ्रेंचचा क्लास आत्ताच लावून टाका. फी ऐकून आमचे हे गप्पच झाले. खरंच लागते का हो फ्रेंच? (एक आई, इंदिरानगर)

उत्तर : ताई, फी भरायची घाई करू नका. कम्पल्सरी आहे हे खरंय पण ते सरकारवर, तुमच्या मुलावर नाही. झालं असं की १९६० च्या आसपास क्वेबेक या प्रांतातले फ्रेंच बोलणारे लोक जाम चिडलेले होते, केंद्राच्या ऑफिसात गेलं की इंग्लिशच, वरच्या पोस्टवर पण बहुतेक इंग्लिशवालेच, मग १९६३ मध्ये एक आयोग नेमला आणि १९६९ मध्ये पिअर ट्रुडो पंतप्रधान असताना राजभाषा कायदा आला. म्हणजे संसद, केंद्राची कोर्टं, टॅक्स, पासपोर्ट वगैरे कामांत माणसाने दोन्हीपैकी कुठल्याही भाषेत बोलावं आणि उत्तर त्याच भाषेत द्यायची सोय सरकारने करावी. १९८२ मध्ये हे राज्यघटनेतच गेलं. एअर कॅनडा खाजगी झाली तरी तिला हा कायदा चुकला नाही, म्हणून विमानात सगळ्या सूचना दोन-दोनदा ऐकू येतात.

लोकांचं म्हणाल तर २०२१ च्या जनगणनेत दोन्ही भाषा बोलता येणारे शंभरात १८ निघाले, बस. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटेवर मागच्या पट्टीत १५ भाषा असतात, त्या सगळ्या वाचता आल्याशिवाय भाजी मिळत नाही असं आहे का?

आता गोम कुठेय ते सांगतो. हे सगळं केंद्राचं, प्रांतांचं वेगळं. दहा प्रांतांपैकी अधिकृतपणे द्विभाषिक फक्त न्यू ब्रन्सविक. आपली बरीच मुलं जातात त्या ओंटारिओत इंग्लिशवर आरामात भागतं. पण कॉलेज क्वेबेकमधल्या माँट्रियल शहरातलं असेल तर मात्र विचार करा, तिथल्या मॅकगिल किंवा कॉनकॉर्डिया विद्यापीठात शिकवतात इंग्लिशमध्ये, पण क्वेबेकची राजभाषा एकटी फ्रेंच, १९७७ पासून कायदा कडक आणि २०२२ मध्ये अजून आवळलाय, त्यामुळे पार्टटाइम काम शोधताना किंवा पुढे तिथेच राहायचं म्हटलं की फ्रेंचशिवाय अडतं. म्हणजे एजंटला पहिला प्रश्न हाच विचारायचा, कॉलेज कुठल्या प्रांतात आहे?

आणि क्लास अगदीच फुकट जातो असंही नाही हं. पुढे पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, घ्यायची असेल तर एक्सप्रेस एंट्रीत (पॉइंट मोजून पीआरसाठी माणसं निवडायची सरकारी पद्धत) चांगल्या फ्रेंचचे ५० पर्यंत जादा पॉइंट मिळतात, शिवाय २०२३ पासून फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ (म्हणजे निवडीच्या फेऱ्या) निघतात आणि तिथला कटऑफ बऱ्याचदा बराच खाली असतो. फक्त त्यासाठी टेफ किंवा टीसीएफ परीक्षेत वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं चारही जमावं लागतं, तीन महिन्यांच्या क्लासवर ते होत नाही, कोणी काहीही सांगो. पॉइंटचे नियम सारखे बदलतात तेव्हा कॅनडा सरकारची साइट मुलाला स्वतः बघू द्या. नागरिकत्वाला मात्र दोन्हीपैकी एकच भाषा पुरते.

प्रश्न : आपल्याकडेही केंद्रात हिंदी-इंग्लिश आहेच की, मग फरक काय? (एक विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : आहे की फरक. आपल्या घटनेत केंद्राची राजभाषा हिंदी, इंग्लिश १५ वर्षांपुरतीच ठेवलेली, म्हणजे १९६५ पर्यंत. दक्षिणेतून विरोध होता, म्हणून १९६३ च्या कायद्याने ती पुढे चालू ठेवली ती आजपर्यंत. कॅनडात दोन्ही भाषांचा दर्जा घटनेतच सारखा, आणि सरकारी ऑफिसने तुमच्या भाषेत उत्तर दिलं नाही तर तक्रार घ्यायला वेगळा भाषा आयुक्त बसवलेला, तो थेट संसदेला जबाबदार.